दुपारी एक ते साडेतीन

स्वेतोझारच्या, म्हणजे तोझाच्या, एका हातात सुरी होती, दुसऱ्या हातात भलामोठा कार्प मासा होता आणि डोक्यात वुकोताकाका होते. मासा काही केल्या हातात ठरत नव्हता. खवले उडून भिंतीला, चष्म्याला आणि बायकोच्या नव्या पडद्याला चिकटत होते.

"तोझा, तो डबा आधी त्या खिळ्यावरून काढ," बीन्सच्या पातेल्यात डाव फिरवत देसान्का म्हणाली. "उद्या काकांनी तिथं तो लोंबकळताना पाहिला, तर आल्या पावली परत जातील."

"काढतो. हात रिकामा होऊ दे."

"लग्न झाल्यापासून तुझा हात रिकामा झालेला मी पाहिला नाही."

खिळा पूर्वेच्या भिंतीवर होता, तोझाच्या वडलांनी ठोकलेला. घराण्याच्या संत निकोलाची जुनी, धुरानं काळवंडलेली तसबीर त्यावर यायची होती. ती होती वडलांच्या थोरल्या भावाकडे, म्हणजे वरच्या गावात एकट्या राहणाऱ्या वुकोताकाकांकडे. काकांना मूलबाळ नव्हतं. गेल्या वर्षी याच सणाला माशाच्या सूपाचा तिसरा वाडगा संपवून ते म्हणाले होते, "पुढच्या स्लावाला तसबीर घेऊन येतो, पोरा. माझं आता काही खरं नाही. ती तुझ्या घरी असू दे."

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. टेबलाच्या त्या टोकाला काका बसले, की तोझाला आपण अजून कुणाचं तरी पोर आहोत असं वाटायचं, आणि साठीला टेकलेल्या माणसाच्या नशिबी असं वाटणं वर्षातून एकदा आलं तरी पुष्कळ. तसबीर हवी होतीच, पण त्याहून जास्त काका हवे होते. दोन्ही हातचं जाण्याची भीतीही होती आणि तिचं नाव होतं मोम्चिलो. हा दुसरा पुतण्या पलीकडच्या शहरात राहायचा, स्लावाच्या पाहुण्यांना प्लास्टिकच्या ताटल्यांत वाढायचा आणि काकांच्या तब्येतीची जरा जास्तच चौकशी करायचा.

रिकामा खिळा बघून त्यावर डबा अडकवला होता तो इसिदोरानं, तोझाच्या मुलीनं. ती निश शहरातल्या एका मोबाइल कंपनीत इंजिनियर होती. कंपनीला नव्या पिढीच्या नेटवर्कची चाचणी घ्यायला एक छोटं गाव हवं होतं आणि इसिदोरानं प्रेमापोटी आपलं लिपोवित्साच पुढे केलं. फुटबॉलच्या मैदानामागे मनोरा उभा राहिला आणि घरोघरी फुकट डबे लागले. फुकट म्हटल्यावर डब्यात काय आहे हे विचारण्याची लिपोवित्सात पद्धत नाही.

"पाचवी पिढी आता आजोबा झाली, बाबा," डबा अडकवताना इसिदोरा म्हणाली होती. "हे सहाव्या पिढीचं. आता नंबर शोधायचा नाही, फोन लावायचा नाही. नुसतं बोलायचं. ज्याच्याशी बोलायचंय त्याच्या भिंतीवर तू उभा! अख्खा, उंचीसकट."

"पोटासकट?" देसान्कानं विचारलं.

"पोटासकट. शिवाय घरातलं बोलणं ऐकून तो आपल्याला काय हवंय ते आपोआप ओळखतो."

"इतकी वर्षं याच्या घरात राहून मला जे ओळखता आलं नाही, ते हा डबा ओळखणार?"

"आई, तो शिकतो गं."

डबा शिकत होता हे खरं. पण स्लावाची गोष्ट शिकण्यातून येत नाही, ती रक्तातच असावी लागते. घराण्याच्या संताचा दिवस म्हणजे स्लावा. संत निकोलाचा तर असा, की निम्मा सर्बिया तो साजरा करतो आणि उरलेला निम्मा जेवायला जातो. दिवस उपासाचा. मांस नाही, अंडी नाहीत, दूध नाही, मासे मात्र चालतात, आणि एकादशी अन् दुप्पट खाशी हा नियम मोरावा नदीच्या काठीही तितक्याच भक्तिभावानं पाळला जातो. पण सगळ्यांत मोठा नियम वेगळाच आहे. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो. यजमान दार उघडं ठेवतो आणि दिवसभर उभा राहून वाढतो. बोलावणं म्हणजे 'तू परका, तुला सांगितल्याशिवाय कळायचं नाही' असं तोंडावर म्हणणं. आणि एकदा का कुणी आला, की तो मरेपर्यंत दरवर्षी येणार हे धरून चालायचं.

देसान्का आंबवलेला कोबी आणायला तळघरात गेली आणि नेमका तेव्हाच डब्यातून एक मंजुळ आवाज आला.

"स्वेतोझार, उद्या तुमच्या घरी समारंभ आहे असं बोलण्यावरून दिसतं. अजून एकालाही आमंत्रण गेलेलं नाही. ऐनवेळी यजमानांची धांदल होते. आमंत्रणं मी पाठवू का? तुमच्याच आवाजात, तुमच्याच रूपात?"

त्याच क्षणी मासा तोझाच्या हातून निसटला आणि फ्रिजखाली गेला. तोझा हातापायांवर ओणवा झाला. घरात कुणी मागून काही बोललं, की न ऐकता जे उत्तर द्यायची त्याला सवय होती, तेच त्यानं दिलं.

"हो, हो. कर."

"वेळ ठरवू? साधारण अडीच तास पुरतात."

"तुला बरं वाटेल तसं कर गं," फ्रिजखालून तोझा म्हणाला. एवढ्यात त्याला शेपटी सापडली.

त्या माशाचे तुकडे पडतात न पडतात तोच स्वयंपाकघराच्या भिंतीवर अख्खा रातोमीर उभा राहिला, बनियनवर. रातोमीर तोझाचा कुम. म्हणजे लग्नात त्याच्या पाठीशी उभा राहिलेला आणि त्या नात्यानं सख्ख्या भावापेक्षा सख्खा.

"तोझा, माझं काय चुकलं?"

"का रे? काय झालं?"

"तुझ्या लग्नापासून तुझ्या स्लावाला येतोय मी. कधी बोलावलंस?"

"छे! तुला कसला बोलावतोय मी!"

"मग आज का बोलावलंस?"

"मी?"

"नाही, तुझा आजा! आत्ता माझ्या भिंतीवर उभा होतास. एका हातात सुरी, दुसऱ्या हातात मासा. म्हणालास, 'माननीय रातोमीर, सहकुटुंब यावे. वेळ दुपारी एक ते साडेतीन. किती जण येणार ते आज संध्याकाळपर्यंत कळवावे.' माननीय! अरे, तुझ्या पहिल्या गाडीला धक्का मारताना ज्याची पँट फाटली तो मी! मी माननीय?"

"रातोमीर, ऐक तर—"

"आणि साडेतीनला काय आहे? साडेतीनला आम्हाला केरसुणीनं झाडून काढणार?"

भिंत रिकामी झाली. तोझा सुरी हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्यानं डब्याकडे पाहिलं आणि इसिदोराला हाक मारली. ती लगेच भिंतीवर आली, हेडफोन लावलेली, हसरी.

"बाबा! पोचली ना आमंत्रणं? पाय दिसले का? मागच्या आठवड्यात गुडघ्याखाली काही दिसतच नव्हतं."

"पाय दिसले! पण तोंड काळं झालं त्याचं काय?"

"काळं? मग प्रकाश कमी पडतोय. बघते मी."

"इसिदोरा! कुणाकुणाला गेलं हे?"

"ज्यांचे ज्यांचे नंबर तुझ्याकडे आहेत, त्या सगळ्यांना."

तोझानं स्टूल ओढून घेतलं. तो मोटार शिकवायचा. लिपोवित्सात ज्याच्या म्हणून हातात स्टिअरिंग होतं, तो कधी ना कधी तोझाच्या शेजारी बसून घामाघूम झालेला होता आणि त्या प्रत्येकाचा नंबर तोझाकडे होता. शिवाय दातांची डॉक्टरीण, धुराडं साफ करणारा आणि नो-पार्किंगमध्ये गाडी लावली म्हणून त्याला दोनदा दंड करणारा नगरपालिकेचा निरीक्षकही होता.

"आणि ज्यांचं नाव घरात सारखं निघतं ना," इसिदोरा उत्साहात सांगत होती, "ते जवळचे, असं तो धरतो. त्यांना जास्त प्रेमानं बोलावतो."

देसान्का कोबीचं पातेलं घेऊन दारात उभी होती. तिनं पातेलं हळूच खाली ठेवलं.

"तोझा," ती म्हणाली, "या घरात सगळ्यांत जास्त नाव कुणाचं निघतं?"

दोघांनीही एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर ब्लागोयेचं गॅरेज होतं. शेजारी ब्लागोयेनं ते बांधलं तेव्हापासून तोझाच्या टोमॅटोच्या वाफ्यावर सावली पडायची आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. म्हणजे ब्लागोयेशी बोलणं बंद होतं. ब्लागोयेबद्दल बोलणं सकाळी कॉफीबरोबर सुरू व्हायचं ते दिवे मालवेपर्यंत चालायचं.

"त्याला काय गेलं?" तोझानं विचारलं.

इसिदोरानं वाचून दाखवलं. "'प्रिय ब्लागोये, तुझी आठवण निघाल्याशिवाय या घरात एक दिवस जात नाही. उद्या तू आलास तर फार बरं वाटेल.'"

"पहिलं वाक्य खोटं नाही," देसान्का म्हणाली.

"तुला चेष्टा सुचतेय? उद्या तो आला, तर दरवर्षी येईल! मरेपर्यंत! आणि त्याचा बाप शंभरी ओलांडून गेलाय!"

भिंत पुन्हा उजळली. या वेळी वुकोताकाका होते. वरच्या गावात सिग्नल जेमतेमच पोचायचा, त्यामुळे काका पोटापर्यंत स्पष्ट आणि खाली धुकं असे दिसत होते. पण मिशा पूर्ण दिसत होत्या आणि त्या थरथरत होत्या.

"पोरा, साडेतीनला काय आहे?"

"काही नाही, काका."

"मग साडेतीनला मला कुठं जायचंय?"

"कुठंच नाही, काका. ते माझ्याकडून नाही, ते या डब्यानं—"

"मी इथं बसलोय, समोर तू उभा. तुझं तोंड, तुझा आवाज, तुझं पोट. आणि म्हणे डब्यानं! तुझ्या बापानं मला जन्मात कधी बोलावलं नाही. त्याच्या बापानं त्याच्या भावाला बोलावलं नाही. आणि तू मला विचारतोस, किती जण येणार? मोम्चिलोनं मला आजवर कधी बोलावलेलं नाही. भला माणूस. त्याच्याकडं जातो मी उद्या. बस मिळाली तर."

"काका!"

पण काका धुक्यात विरघळले आणि भिंतीवर नुसते माशाचे खवले राहिले. बाहेर बर्फ पडायला लागला होता. शिकाऊ पोरानं गाडी थेट दुकानाच्या काचेवर न्यावी तेव्हा तोझा जसा ओरडायचा, तसा तो डब्यावर ओरडला.

"ब्रेक! ब्रेक मार! ताबडतोब सगळ्यांना सांग, ते आमंत्रण चुकून गेलं. कुणाला म्हणजे कुणालाही बोलावलेलं नाही!"

"सगळ्यांना?" मंजुळ आवाजानं विचारलं.

"सगळ्यांना!"

"पाठवलं."

देसान्कानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, काय केलंस हे! जे रुसले ते रुसलेच. पण त्या बिचाऱ्या शिकाऊ पोरांना, त्या डॉक्टरणीला बरं वाटलं असेल, त्यांनाही आता सांगितलंस, की तुम्हाला बोलावलेलं नाही! आता उद्या तू, मी आणि हे मासे!"

तिनं डब्याची वायर खेचली, डबा खिळ्यावरून काढला आणि कोठीच्या खोलीत लोणच्याच्या बरण्यांमागे ढकलून दिला. वायर काढली की विषय संपला असं तिला वाटलं. पण नव्या पिढीचं यंत्र ते, वायरवाचूनही दोन दिवस जगतं. हे इसिदोरानं सांगितलं होतं, पण तेव्हा दोघंही तिच्या बोलण्याला हो हो म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चमध्ये पावाला आशीर्वाद मिळाला. गुंफलेल्या पिठाची नक्षी असलेला तो गोल पाव टेबलाच्या मधोमध ठेवला, शेजारी साखर-अक्रोड घातलेले शिजवलेले गहू, लाल वाइन आणि उंच मेणबत्ती. तोझानं ती पेटवली. एक वाजला. माशांच्या वासानं घर भरलं होतं आणि खुर्च्या मात्र एकजात रिकाम्या होत्या.

तोझा काकांच्या खुर्चीमागे उभा होता. वर्षानुवर्षं तो आणि काका मिळून तो पाव हातात धरून गोल फिरवायचे आणि मग मोडायचे. एकट्या माणसाला पाव फिरवता येतो, पण ते पीठ मळल्यासारखंच दिसतं.

"मी वर जाऊन येतो," तो म्हणाला. "बस बंद असली तर चालत जातो."

"मेणबत्ती पेटलेली असताना यजमान उंबरा ओलांडणार? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" तोझा म्हणाला, आणि त्याचा आवाज असा काही आला की देसान्कानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. दारात ब्लागोये होता. काळा कोट, भांग पाडलेला, एका हातात राकिया या घरगुती दारूची बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचं पुडकं. दोघंही पायपुसण्याकडे बघत उभे राहिले.

"काल तू मला बोलावलंस," ब्लागोये म्हणाला.

"हं."

"मला वाटलं, याला काही दुर्धर रोग झालाय. नाहीतरी मी काही येणार नव्हतो."

"बरोबर आहे तुझं."

"मग तू सांगितलंस, की मला बोलावलेलं नाही."

"ते असं झालं, ब्लागोये—"

"म्हणजे मी न बोलावलेला," ब्लागोयेनं शांतपणे मुद्दा पुढे नेला. "स्लावाला न बोलावलेलेच येतात ना? का तुमच्याकडं आता वेगळं असतं?"

तोझानं यातली चूक शोधायचा प्रयत्न केला. ती सापडेना. दारातून बर्फाचा झोत आत येत होता.

"आत ये," तो म्हणाला. "दार लाव, वारा लागेल."

रीतीप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या गालांची तीन चुंबनं घेतली. तिसरं घेताना दोघंही जरा घाईत होते. ब्लागोये गव्हाचा पहिला चमचा खाऊन "चांगलेत" म्हणतोय तोवर रातोमीर बायकोसह दारात हजर.

"बोलावणं मागं घेतलंस ते फार बरं केलंस," बूट काढत तो म्हणाला. "केवढी पंचाईत होती माझी! मासे दिसत होते आणि येता येत नव्हतं. आता कसं, हक्कानं आलो."

त्याच्यामागे दातांची डॉक्टरीण होती. ती म्हणाली, मला आमंत्रण आलं तेव्हा तुमच्या हातात सुरी होती, नाही कसं म्हणणार, आणि मग नको म्हणालात तेव्हा तर यावंसंच वाटलं. तिच्यामागे धुराडंवाला, त्याच्यामागे नगरपालिकेचा निरीक्षक आणि मग तोझाचे विद्यार्थी यायला लागले. जुने, नवे, कधीच पास न झालेले. रस्त्याच्या कडेनं गाड्यांची रांग लागली, प्रत्येक गाडीचं पुढचं चाक उतारावर शिकवल्याप्रमाणे कडेकडे वळवलेलं. तोझानं खिडकीतून ते पाहिलं आणि त्याला गहिवरून आलं. निरीक्षकानंही पाहिलं, पण आज तो पाहुणा होता.

देसान्का सूपात पाणी घालत होती आणि देवाचं नाव घेत होती. ताटं संपली. वाडगेही संपले. शेवटी रातोमीर आपल्या दुकानातून प्लास्टिकच्या ताटल्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि तोझानं मान फिरवून तो स्वीकारला. मोम्चिलोला हे कळू नये एवढीच त्यानं संताला विनंती केली.

घर भरलं. पण टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामीच होती. पाव तसाच होता. काकांच्या गावावरून गाडी घेऊन आलेला एक जुना विद्यार्थी बीन्स खात होता, त्याला तोझानं विचारलं, "वर काय खबर? वुकोताकाका दिसले का?"

"अंगणात बर्फ ओढताना दिसले की. बस बंद आहे. मनोऱ्याचा सिग्नलही काल संध्याकाळी बर्फ पडायला लागला तेव्हाच गेला. फोन नाही, भिंत नाही, काही नाही."

तोझाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो भलताच झोंबला. पहिला निरोप काकांना पोचला होता. दुसरा पोचलाच नव्हता. अख्ख्या पंचक्रोशीत आमंत्रण असलेला माणूस एकच उरला होता आणि म्हणूनच तो येणार नव्हता.

"कुणीतरी वर जाऊन त्यांना सांगायला पाहिजे," तो म्हणाला.

"काय सांगायला पाहिजे?" डॉक्टरणीनं विचारलं.

"की तुम्हाला बोलावलेलं नाही."

सगळ्यांना ते पटलं. रातोमीर उठायला लागला, पण देसान्कानंच त्याला बसवलं. "तू नको. तू गेलास की त्यांना वाटेल, तोझानं मनधरणीला पाठवलाय. मनधरणी केली की म्हातारा आणखी आखडतो."

मग कोपऱ्यातली खुर्ची वाजली.

"मी जातो," ब्लागोये म्हणाला. "आमचं वाकडं आहे हे काकांना ठाऊक आहे. मनधरणीला तू मला पाठवशील असं कुणालाही वाटणार नाही."

तोझानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं शिकवण्यातलंच सांगितलं. "वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा. ब्रेक दाबून धरू नकोस."

"मी तुझ्याकडं गाडी शिकलेलो नाही," ब्लागोये म्हणाला आणि निघाला. थोड्याच वेळात त्या नावडत्या गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला. आजवर तो आवाज आला की तोझाच्या कपाळावर आठी पडायची. आज त्यानं कान देऊन ऐकलं.

पाहुणे खात होते, तोझा वाढत होता आणि दर दोन ताटांमागे खिडकीशी जात होता. शेवटी एकदाचे बाहेर दिवे दिसले. दारात वुकोताकाका उभे होते, टोपीवर बर्फ, काखेत टॉवेलात गुंडाळलेली चौकोनी वस्तू. मागे ब्लागोये नाक पुसत होता.

"काका," तोझा म्हणाला आणि त्यांच्या टोपीवरचा बर्फ झटकायला लागला.

"हा आला माझ्या अंगणात," काकांनी मागे अंगठा दाखवला. "म्हणाला, तोझानं तुम्हाला बोलावलेलं नाही. इतक्या समाधानानं म्हणाला, की माझा लगेच विश्वास बसला. मग म्हटलं, चला, आता जायला हरकत नाही." त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "एवढी सगळी माणसं न बोलावता आलीत?"

"एकालाही बोलावलेलं नाही, काका. तुमची शपथ."

"घराणं राखलंस," काका म्हणाले. मग ते पूर्वेच्या भिंतीकडे वळले. "खिळा कुठाय तो?"

खिळा रिकामा होता. देसान्कानं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. काका कोट न काढताच खुर्चीवर चढले, रातोमीरनं खुर्ची धरली, ब्लागोयेनं रातोमीरला धरलं. टॉवेलातून संत निकोला बाहेर आले, काळवंडलेले आणि जरासे त्रासिक. घरातले सगळे उभे राहिले. काकांनी तसबीर दोन्ही हातांनी वर उचलली.

आणि तेव्हा लोणच्याच्या बरण्यांमागून तोझाचा खणखणीत आवाज आला.

"माननीय पाहुणे हो, साडेतीन वाजले आहेत. समारंभ संपला आहे. आपण आलात, आभारी आहे. जाताना टोप्या आणि हातमोजे विसरू नयेत."

सगळ्यांच्या माना तोझाकडे वळल्या. तोझा हातात डाव घेऊन, तोंड घट्ट मिटून उभा होता. सूपाचा एक थेंब डावावरून गालिच्यावर पडला तोही ऐकू आला. काका खुर्चीवर, तसबीर हवेत, खिळा एक वीत लांब.

"पोरा," काका न वळता म्हणाले, "मला जा म्हणालास?"

तोझाला हो म्हणता येईना आणि नाही म्हटलं तर आवाज त्याचाच होता. कोपऱ्यातला एक नापास विद्यार्थी सवयीनं उठून हातमोजे शोधायला लागला.

काकांनी तसबीर खिळ्यावर अडकवली. डावीकडे थोडी कलली होती ती सरळ केली. मग ते रातोमीरच्या खांद्यावर भार देत खाली उतरले, कोट काढला आणि ब्लागोयेच्या हातात दिला.

"आमच्या बापानं शिकवलंय," ते म्हणाले. "यजमानानं ये म्हटलं की जायचं नाही. मग जा म्हटलं की उठायचं कशाला? देसान्का, माझा बिछाना कुठं घालतेस? आणि सूप आहे का अजून?"

हसण्याचा असा काही स्फोट झाला की मेणबत्ती फडफडली. हातमोजे शोधणारा खाली बसला. निरीक्षकानं टाय सैल केला. तोझा काकांच्या समोर उभा राहिला, दोघांनी पाव दोन्ही बाजूंनी धरला आणि फिरवला. तोझाचे डोळे भरून आले होते. कांदा कापत होतो असं तो नंतर म्हणाला, पण कांदा आदल्या दिवशीच कापून झाला होता. पाव मोडला तेव्हा काकांनी त्याचा एक तुकडा ब्लागोयेला दिला आणि ब्लागोयेनं तो कोट सांभाळत खाल्ला.

शेवटचा पाहुणा गेला तेव्हा साडेतीन कधीच मागे पडले होते. पुढे गावी आली तेव्हा इसिदोरा डबा परत घेऊन गेली. जाताना तिनं बापाला खात्री दिली, की पुढची पिढी याहून हुशार असेल. तोझा म्हणाला, असू दे, पण ती लिपोवित्सात आणू नकोस.

पुढच्या वर्षी तोझानं कुणालाच बोलावलं नाही, त्यामुळे सगळे आले. आले ते सोबत आणखी माणसं घेऊन आले. घरात पाय ठेवायला जागा उरेना तेव्हा ब्लागोयेनं न सांगता गॅरेजमधली गाडी बाहेर काढली, आत लांबच लांब टेबलं मांडली आणि काकांची खुर्ची टोकाला ठेवली. भिंतीला पाठ टेकून खेटून बसलेल्या पाहुण्यांच्या अंगावरून सूपाची पातेली नेता नेता तोझाला पहिल्यांदाच वाटलं, की हे गॅरेज त्या वेळी थोडं आणखी मोठं बांधायला हवं होतं.